याह्याखान आणि आमची वांगी

१९७१च्या युद्धातली सगळ्यांत गुप्त बातमी आमच्या कॉलनीत रात्री दोन वाजता ओरडून सांगितली जायची. ओरडणारा गृहस्थ रेल्वेचा कॉलबॉय. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांना घरी जाऊन उठवायचं आणि वहीत त्यांची सही घ्यायची, हे त्याचं काम. तो पेन्शनीच्या उंबरठ्यावर होता, मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या आणि दोन नातवंडं शाळेत जात होती. पण रेल्वेत माणसाचं वय वाढतं, हुद्द्याचं वाढत नाही. शिवाय तो कानाने कमी होता, त्यामुळे सगळं जगच कानाने कमी आहे अशी त्याची समजूत होती.

"ड्रायव्हरसाहेब! दोन चाळीसची मिलिटरी स्पेशल! सही करा!"

"हळू बोल. गुप्त आहे ती."

"काय म्हणता?"

"गुप्त! मिलिटरी स्पेशल गुप्त आहे!"

आता ड्रायव्हरकाकाही ओरडलेले असायचे. पलीकडच्या खोलीतून मग त्यांच्या सौ. विचारायच्या, "खंडव्याकडे का नागपूरकडे? पोळ्या किती घालू?" खंडवा म्हटलं की जास्त, नागपूर म्हटलं की कमी. सकाळी नळावर बायकांच्या डब्यांतल्या पोळ्यांची बेरीज झाली, की फौज कुठे चालली आहे हे दिल्लीतल्या लोकांइतकंच आमच्या चाळीलाही ठाऊक असायचं.

गाव भुसावळ. कोणतीही गाडी येवो, इथे थांबल्याशिवाय तिला गत्यंतर नसे. इंजिन पाणी प्यायचं, माणसं बदलायची, चहा व्हायचा. मुंबईहून आलेल्या लाइनला इथेच फाटे फुटतात: एक नागपूरकडे, एक इटारसीकडे. सुरतेकडची तापी खोऱ्याची लाइनही जवळच, जळगावला येऊन मिळते. गावाजवळ एक लष्करी साहित्याचा कारखाना, वरणगावला दारूगोळ्याचा. एवढं सगळं असल्यावर पाकिस्तानचा अध्यक्ष याह्याखान याच्या टेबलावर पहिला नकाशा भुसावळचाच असणार, याबद्दल आमच्या आजोबांच्या मनात शंका नव्हती. आजोबा जी.आय.पी. रेल्वेच्या जमान्यातले निवृत्त गार्ड. दुसरं महायुद्ध त्यांनी ब्रेकव्हॅनमधून पाहिलेलं. टाइमटेबलाच्या मागच्या नकाशावर बोट ठेवून ते रोज संध्याकाळी ओट्यावर जमलेल्यांना समजावून सांगायचे, "मी त्याच्या जागी असतो ना, तर दुसरीकडे बघितलंसुद्धा नसतं."

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला. मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. दुसऱ्या दिवशी बातम्यांत नावं येत होती: अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा. आजोबा प्रत्येक नावाला मान हलवत होते. बातम्या संपल्या.

"भुसावळ नाही म्हणाले?"

"नाही आजोबा."

"उद्या म्हणतील," आजोबा म्हणाले आणि कानटोपी घालून झोपायला गेले.

ब्लॅकआउट सुरू झाला आणि आमचे वडील वॉर्डन झाले. अण्णा एरवी मालधक्क्यावर क्लार्क. घरात त्यांचं कुणी ऐकत नसे, धक्क्यावर हमाल ऐकत नसत. आता दंडावर पट्टी आली, गळ्यात शिटी आली आणि त्यांचा आवाज पोटातून यायला लागला. मी त्यांचा मदतनीस. माझ्याकडे टॉर्च. टॉर्चच्या काचेवर कार्बन पेपर, त्यावर खाकी कागद, आणि विषाची परीक्षा नको म्हणून आईने वरून बांधलेलं फडकं. तो चालू आहे का बंद, हे बघायला काडी पेटवावी लागे. आणि काडी पेटवायला बंदी.

घरोघरी खिडक्यांना कागद लागले. दुकानातले काळे कागद पहिल्याच दिवशी संपले. मग ज्याला जे मिळालं ते त्याने लावलं. आम्ही जुनी टाइमटेबलं लावली. दुपारी ऊन पडलं की खिडकीत नाशिक, मनमाड, चाळीसगाव उलटे वाचता येत. काचा फुटून उडू नयेत म्हणून पट्ट्याही चिकटवल्या. त्यासाठी आईने खळ केली ती चांगल्या गव्हाची, आणि पहिल्याच रात्री उंदरांनी मनमाडपर्यंतचा भाग खाल्ला.

पण याह्याखानने मुहूर्त काढताना पंचांग पाहिलं नव्हतं. पौर्णिमा नुकतीच झालेली. दत्तजयंतीच्या प्रसादाचा सुंठवडा अजून डब्यात होता. अण्णांनी शिट्या फुंकून फुंकून सगळी कॉलनी काळीठिक्कर केली आणि मागून तापीच्या अंगाने हा एवढा पिवळाधमक चंद्र वर आला. सगळी कौलं दिसायला लागली. यार्डातले रूळ चकाकायला लागले. सुया ओवता येतील असा उजेड.

"अण्णा," शेजारचे गार्डकाका ओट्यावरून म्हणाले, "त्याला कागद कोण लावणार?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. पण मी जवळ होतो म्हणून सांगतो, त्यांनी वर बघून एकदा शिटी वाजवली.

चंद्राचं एक वेळ सोडून द्या, तो सरकारी नव्हता. लोको शेडचं काय? तेव्हा आमच्याकडे कोळशाची इंजिनं भरपूर होती. आमच्या आईने देवापुढे निरांजन लावलं तर ते राष्ट्रद्रोहात मोडत होतं, आणि पलीकडे शेडमध्ये फायरबॉक्सचं दार उघडलं की धुराचा अख्खा लोट खालून लालभडक होत होता. एखादं इंजिन चाकं घसरवत निघालं की धुराड्यातून ठिणग्यांचं झाड उठे. फायरमन मंडळी राहत त्या आगवाल्या चाळीत अण्णा एकदा दम भरायला गेले. "बिडी विझवा!" त्यांनी हुकूम सोडला. त्या फायरमनने शांतपणे बिडी विझवली, डबा उचलला आणि म्हणाला, "चला साहेब, आता ड्युटीवर जातो. दोन टन कोळसा पेटवायचाय."

गार्डकाकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरात कंदील, बत्ती, टॉर्च काही नव्हतं. होता तो ड्युटीचा हातदिवा: लाल, हिरवा, पांढरा. परसात जायचं असो की मांजर हाकलायचं असो, तोच. एका रात्री ते हिरवा दिवा हलवत भर बोळातून चालले होते. अण्णांची शिटी वाजली.

"काका, दिवा!"

"हिरवा आहे."

"कोणताही चालत नाही. वरून विमान बघेल!"

"बघू दे की. लाल दाखवला तर थांबेल. हिरवा दाखवला की पुढे निघून जाईल." आणि तीस वर्षं गाड्या काढलेला तो माणूस दिवा वर धरून, आकाशाला रीतसर लाइन क्लिअर देत, परसाकडे निघून गेला. आजोबांना हे मुळीच आवडलं नाही. विमान पुढे निघून गेलं तर भुसावळचं महत्त्व काय राहिलं?

भोंग्याची भानगड तर कुणालाच नीट उमगली नाही. रेल्वेच्या गावाला भोंगा नवा नसतो. पाळी सुरू झाली, भोंगा. पाळी सुटली, भोंगा. कुठे गाडी घसरली की अपघात गाडीसाठी ठरावीक वेळा भोंगा. लहान पोरंसुद्धा भोंगे मोजून सांगायची, "डबे घसरले, माणसं नाही मेली." त्यात आता विमानाचा भोंगा आला. वरखाली होत राहिला तर धोका, सरळ एकसुरी वाजला तर धोका टळला. कागदावर हे सोपं होतं. पण वाफ कमी पडली की पाळीचा भोंगाही वरखाली व्हायचा. मग निम्मी चाळ डबे घेऊन कामावर निघायची, निम्मी गोधड्या घेऊन खंदकाकडे, आणि अपघात गाडीवाले फक्त पँट चढवून यार्डाकडे धावायचे. तिन्ही पलटणींची टक्कर नळापाशी. त्या पंधरवड्यात कॉलनीत जे काही जखमी झाले ते सगळे नळापाशी झाले.

उरलेले खंदकात. खंदक गँगमन लोकांनी खणले होते. रूळ टाकणाऱ्या माणसांचा हात तो, बाजू अशा ओळंब्यात की गाडी सोडावी. वळणदार, गळ्याइतके खोल. त्यात पहिल्या दिवशी शेळी पडली, दुसऱ्या दिवशी फोरमनसाहेब. फोरमनसाहेब वजनदार असल्यामुळे त्यांना काढायला वेळ लागला. अंधारात खंदक दिसत नाही, आणि दिसावा म्हणून दिवा लावता येत नाही. "खंदकाला कठडा करा," अशी एक सूचना आली. "कठड्याला दिवा लावा," अशी दुसरी आली. दोन्ही आजोबांकडे विचारार्थ राहिल्या.

खरा बाका प्रसंग एकदाच आला. रात्री आउटर सिग्नलकडून एकामागून एक दोन धडाके झाले. भोंगा नाही, शिटी नाही, सरळ धडाका. आई मला एका हाताने आणि पिठाचा डबा दुसऱ्या हाताने घेऊन खंदकात उतरली. (पीठच का, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.) सगळी चाळ उतरली. रामरक्षा सुरू झाली. आजोबा मात्र उतरेनात. ते ओट्यावर उभे, चेहऱ्यावर समाधान. "आला! मी म्हणत नव्हतो?" तेवढ्यात गार्डकाका सावकाश आले आणि खंदकाच्या काठावर उकिडवे बसले.

"काय करू राहिले तुम्ही सगळे इथे?"

"बाँब पडला!"

"फटाका होता तो. सिग्नलला टोप्या घातल्या, ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून रुळावर लावला होता कुणीतरी. माझ्या पेटीत पण आहेत. दाखवू?"

दाखवू नका, असं खंदकाने एकमुखाने सांगितलं. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

शत्रू वरून येत नाही म्हटल्यावर तो खाली शोधणं ओघानेच आलं. हेर! कल्हईवाला हेर होता. पोपटवाला ज्योतिषी हेर होता, कारण त्याला युद्ध होणार हे आधी कळलं होतं. आणि मग एका मध्यरात्री अण्णांच्या गस्तीला यार्डात खराखुरा हेर सापडला. अनोळखी माणूस, तोंडाला मफलर, हातात झाकलेली बत्ती, आणि मालगाडीच्या बाजूने वाकून वाकून डब्यांचे नंबर वहीत उतरवतोय.

"क्या लिखता है?"

"वॅगन का नंबर."

"किसके लिए?"

"साहब, मैं नंबरटेकर हूँ. झाँसी से बदली हो के आया हूँ."

आता यार्डात नंबरटेकर असतो आणि डब्यांचे नंबर घेणं हेच त्याचं काम असतं, हे अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हेरही नेमकं हेच म्हणणार. गस्तीत विचारविनिमय झाला. कागदपत्रं खोटी करता येतात. गणवेश शिवता येतो. मग अण्णांनी, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचाच, प्रतिभेचा एक झटका दाखवला. त्यांनी विचारलं, "टी.ए. मिळाला का?"

त्या माणसाने वही मिटली. बत्ती खाली ठेवली. बदलीचा टी.ए. कधी भरला, बिल कुठे अडकलं, कोणत्या बाबूने कोणता कागद पुन्हा मागितला, पे-शीट चुकीच्या ठिकाणी कशी गेली, बायको काय म्हणाली, हे सगळं तो थंडीत उभा राहून सांगत राहिला. गस्तीतल्या दोघांचे डोळे पाणावले. असं दुःख कोणत्याही हेरखात्याला शिकवता येत नाही. अण्णांनी त्याला घरी आणून चहा पाजला.

युद्धाचा खरा मार आम्ही खाल्ला तो केळ्यांचा. रावेर, सावदा, निंभोऱ्याची केळी तेव्हा वॅगन भरभरून दिल्लीकडे जायची. आता लाइनवर रणगाड्यांना आधी वाट, केळ्यांना नंतर. रणगाडा दोन दिवस उभा राहिला तर बिघडत नाही. केळं बिघडतं. उभ्या वॅगनींतून तो गोड वास सगळ्या यार्डावर पसरला आणि केळी मातीमोल भावाने घरोघर आली. सकाळी शिकरण, दुपारी कच्च्या केळ्याची भाजी, चारला केळ्याची भजी, रात्री कोशिंबीर. माझी आत्या स्वभावाने गरीब, पण तिनेसुद्धा एकदा ताट सारून सांगितलं, "वहिनी, आता मला झाडावरच नेऊन ठेव."

याच सुमाराला महिला मंडळाने जवानांसाठी काही करायचं ठरवलं. मफलर विणून तयार होते. लोकर बाजारात होती तीच घेतल्यामुळे अर्धे लाल, अर्धे हिरवे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चहाच्या किटल्या. जवानाला ओवाळायचं कुणी, यावर मात्र दोन बैठका झाल्या. आमच्यात बायकांचा हुद्दा नवऱ्याच्या ग्रेडवरून ठरतो. स्टेशनमास्तरीणबाई म्हणाल्या, प्लॅटफॉर्म आमच्याकडे. फोरमनीणबाई म्हणाल्या, इंजिन आमच्याकडे. शेवटी दोघींनी एकच तबक दोन बाजूंनी धरायचं ठरलं. वेळ अर्थातच कॉलबॉयने जाहीर केली. पहाटे तीनला सगळ्याजणी प्लॅटफॉर्मवर. थंडी अशी की भाजीवर तूप गोठलं. गाडी आली ती प्लॅटफॉर्मवर नव्हेच, पार यार्डाच्या पलीकडच्या लाइनवर. मग पदर खोचून, किटल्या उचलून, रूळ ओलांडत, खडीतून ठेचकाळत अंधारात सगळं मंडळ धावलं. तबकातली वात विझलेली, पण तबक दोघींच्या चार हातांत.

डब्यात जवान गाढ झोपलेले. बऱ्याच हाका मारल्यावर दारात एक उंच सरदारजी आला. त्याने समोरच्या बायकांकडे पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "माताजी, केले तो नहीं हैं ना?"

गाडी खंडव्याकडून आली होती. रावेरला थांबली तेव्हा गावकऱ्यांनी प्रेमाने घड चढवले. निंभोऱ्याला चढवले. सावद्याला तर नाही म्हणायची सोय ठेवली नाही. सरदारजीच्या मागे आतल्या बाकांवर जवान आणि केळी दाटीवाटीने झोपली होती. माझ्या आईने हातातला घड हळूच पाठीमागे नेला. पुऱ्या मात्र दोन मिनिटांत संपल्या. सरदारजीने लाल मफलर गळ्यात घातला, हिरवा डोक्याला गुंडाळला, आणि गाडी सुटताना गार्डकाका आम्हाला म्हणाले, "आता या पोराला बघून ड्रायव्हर थांबणार का जाणार?"

पण डिसेंबरात खानदेशी माणसाचं खरं दुःख केळं नव्हे, वांगं. भरताचा मोसम ऐन भरात. हिरवी, लांबट, बामणोदची वांगी बाजारात पडलेली, आणि भरीत म्हणजे गॅसवर भाजायची गोष्ट नव्हे. उघड्यावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण. आणि हे करायचं रात्री, दहा-वीस माणसं गोळा करून. दिवसा भरीत खाणाऱ्या माणसाला आमच्याकडे आजारी समजतात. आता रात्री जाळ करायला बंदी. कॉलनी तळमळायला लागली. कुणी म्हणालं, इंजिनाच्या आगीत भाजू. ड्रायव्हरकाकांनी फावड्यावर चार वांगी ठेवून फायरबॉक्समध्ये सरकवलीही. वाफेच्या इंजिनाची ती धग! फावडं बाहेर आलं तेव्हा त्यावर देठसुद्धा नव्हते.

शेवटी एका रात्री चाळीच्या मागे ताडपत्रीचा आडोसा करून, आत खड्ड्यात जाळ करून भरीत झालंच. जाळ दिसत नव्हता. पण भाजलेल्या वांग्याच्या वासाला ब्लॅकआउट लागू नसतो. अण्णांची शिटी लांबून ऐकू आली. शिटी जवळ आली, जवळ आली, आणि एकाएकी थांबली. थोड्या वेळाने ताडपत्रीच्या फटीतून पट्टी बांधलेला एक हात आत आला. हातात ताटली होती.

हे सगळं चालू असताना आजोबा दुसऱ्याच आघाडीवर लढत होते. आत्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. १५ नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं होतं. सुरुवातीला सरकारने नवी तिकिटं छापण्याऐवजी जुन्याच पाच पैशांच्या तिकिटांवर तसा शिक्का मारला. आणि ती जुनी तिकिटं होती कुटुंब नियोजनाची. आजोबा चिडले. "मी मुलीसाठी स्थळ विचारतोय, आणि पाकिटावरून सरकार आत्ताच नको म्हणतंय!" पण पत्र गेलं. आठवड्याभरात मुंबईहून उत्तर आलं. उत्तरावरही तेच तिकीट. मुलाच्या वडिलांनी लिहिलं होतं, "आपले विचार आधुनिक आहेत हे पाकिटावरूनच लक्षात आले. मुलगी पाहण्यास कधी यावे?"

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठला पश्चिमेकडची लढाईही थांबली. योगायोग बघा, त्या दिवशी अमावास्या होती. लख्ख चांदणं असताना आम्ही अंधार पाळला, आणि खरा अंधार आला तेव्हा दिवे लावायची परवानगी मिळाली. दिवे लागले तेव्हा घरोघरी भलतंच दिसायला लागलं. आमच्या घरात दोन गोधड्या आमच्या नव्हत्या. फोरमनसाहेबांच्या पायात एक चप्पल त्यांची होती आणि एक नंबरटेकरची. गार्डकाकूंची किटली तीन घरं सोडून निघाली. आमचा पिठाचा डबा खंदकातच राहिला होता. अदलाबदल पुरी व्हायला युद्धाहून जास्त दिवस लागले.

मग आत्याला पाहायला मुंबईची मंडळी आली. मुलाचे काका बोलघेवडे. मुंबईत विमानविरोधी तोफा कशा धडधडल्या, आकाशात लाल रेषा कशा उमटल्या, ते गच्चीवर कसे उभे होते, हे कांदेपोहे संपेपर्यंत चाललं. आजोबा ऐकत होते. अख्ख्या युद्धात कुणी, अगदी रेडिओ पाकिस्ताननेसुद्धा, भुसावळचं नाव घेतलेलं आमच्या ऐकण्यात आलं नव्हतं.

"तुमच्याकडे काही विशेष?" काकांनी चहाचा घोट घेत विचारलं.

आजोबा उठले. पाहुण्यांना घेऊन ओट्यावर आले. समोर अर्धवट बुजवलेला खंदक होता. कडा ढासळलेल्या, मधे राख, कडेला शेळीने उकरलेली माती, आणि त्यात एक फुटका डबा.

काका बराच वेळ बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बापरे. माणसं?"

"एक फोरमन," आजोबा म्हणाले. "पण वाचला."